रविवार, सायकल आणि चिखल



आज आपण शर्यतीबद्दल बोलणार आहोत. निघोजे, मोई, कुरुळी, महाळुंगे या आपल्या पट्ट्यात शर्यत म्हटलं की डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. यात्रा, घाट, गुलाल, भिर्रर्र अशी आरोळी आणि सुटलेला बैलगाडा. आजची शर्यत मात्र सायकलची आहे. तीही डांबरी रस्त्यावरची नाही. ही शर्यत शेतातून, गवतातून, चिखलातून होते आणि मधेच खाली उतरून सायकल खांद्यावर घेऊन पळावं लागतं. तिला सायक्लोक्रॉस म्हणतात. बेल्जियममधले लोक आपल्या भाषेत तिला जे नाव देतात, त्याचा अर्थच मुळी 'शेतात सायकल चालवणं' असा आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. तो सायकलीपेक्षाही सुट्टीशी जास्त आहे. ही सगळी शर्यत हौशी माणसांनी शनिवार-रविवारी उभी केली. शनिवार-रविवार मोकळा कुणाला मिळाला, कसा मिळाला आणि बायकांच्या वाट्याला त्यातलं किती आलं, हे पाहिलं की आपल्या घरातला रविवारही वेगळा दिसायला लागतो.

आधी शर्यत समजून घेऊ. एखादं मोठं शेत, बाग किंवा माळ घ्यायचा. दोरी आणि खुंट्या लावून त्यात साधारण अडीच ते साडेतीन किलोमीटरचा वळणावळणाचा फेरा आखायचा. वाटेत चढ, उतार, वाळू, चिखल, कधी पायऱ्या. एका ठिकाणी गुडघ्याच्या खाली येतील अशा फळ्या आडव्या लावलेल्या असतात. तिथं स्वारानं खाली उडी मारायची, सायकल उचलायची, फळी ओलांडायची आणि पळता पळता पुन्हा सीटवर बसायचं. पाऊण तास, तासभर हे चालतं. पुढच्यानं मागच्याला अख्ख्या फेऱ्यानं गाठलं तरी मागच्याला कुणी हसत नाही. चिखलानं चेन बांधली गेली तर एका ठरलेल्या जागी दुसरी सायकल घ्यायची मुभा असते. म्हणून घरचं कुणीतरी तिथं बादली, ब्रश आणि पाणी घेऊन उभं असतं.

ही शर्यत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये रुजली. हिवाळ्यात पक्क्या रस्त्यांवरच्या शर्यती बंद असायच्या. मग एका गावाहून दुसऱ्या गावाला आडवाटेनं जायचं, कुंपण ओलांडायचं, ओढा पार करायचा, आणि आधी पोचेल तो जिंकला, असा खेळ सुरू झाला. डॅनियल गुसो नावाच्या फ्रेंच सैनिकाला या खेळाचा जनक मानतात. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये या प्रकारची पहिली राष्ट्रीय शर्यत झाली. पुढे १९१० मध्ये ऑक्टाव्ह लापीझ या स्वारानं फ्रान्सची सगळ्यांत मोठी रस्त्यावरची शर्यत जिंकली. आपल्याला हिवाळ्यातल्या चिखलानं तयार केलं, असं तो सांगायचा. तेव्हापासून या खेळाकडे लोकांचं लक्ष गेलं.

मैत्रिणींनो, या खेळाला सायकल आणि शेत तर लागतंच. त्यासोबत मोकळा दिवसही लागतो. तो दिवस आपोआप आलेला नाही.

इंग्लंडमध्ये १८५० साली एक कायदा झाला. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका आणि मुलं यांचं काम शनिवारी दुपारी २ वाजता थांबवावं, असं त्यानं ठरवलं. बायका निघाल्या की गिरणी चालेना, म्हणून पुरुषांचीही सुट्टी व्हायला लागली. अर्ध्या शनिवारची ही सुट्टी हळूहळू पसरली आणि त्या मोकळ्या दुपारी तिथले मैदानी खेळ वाढले. म्हणजे बघा, बायकांच्या नावानं मिळालेली सुट्टी, आणि मैदानावर गेले मात्र बहुतेक पुरुष. बायका घरी गेल्या, कारण घरी दुसरी पाळी वाट पाहत होती.

आपल्याकडे काय झालं? त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चालायचं आणि आठवड्याची अशी ठरलेली सुट्टी नव्हती. त्याविरुद्ध उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचं मूळ गाव कन्हेरसर, म्हणजे आपल्याच खेड तालुक्यातलं, यमाईचं कन्हेरसर. ते महात्मा जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार वेळेवर द्या, अशा त्यात मागण्या होत्या. सहा वर्षं ते मागत राहिले. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामकरी बायका उठून बोलल्या. दहा हजारांपुढे, १८९० साली! त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये, कारखान्यांच्या कायद्यातही आठवड्याची सुट्टी आली आणि बायकांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली गेली.

आज आपल्या चाकण पट्ट्यात कुणाला रविवारी सुट्टी, कुणाला गुरुवारी. दिवस कोणताही असो, त्या सुट्टीच्या मुळाशी खेड तालुक्यातला हा माणूस आणि त्या दोन बायका आहेत. हे आपल्या पोरांना माहीत असायला हवं.

आता सायकलीकडे येऊ. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी, आज आपण ओळखतो तशी सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास आली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचं टायर काढलं आणि हाडं खिळखिळी करणारं वाहन बसण्याजोगं झालं. युरोप-अमेरिकेतल्या बायकांनी सायकल लगेच उचलली, कारण कुणाला न विचारता बाहेर जाता येत होतं. विरोधही तितकाच झाला. बाईचं शरीर बिघडेल, तिचे कपडे बिघडतील, ती बिघडेल, असं शहाणीसुरती माणसं बोलत. ही यादी तुम्हाला ओळखीची वाटत असेल.

इटलीतल्या अल्फोन्सिना स्ट्राडाची गोष्ट ऐका. ती १८९१ मध्ये एका गरीब शेतमजुराच्या घरी जन्मली. वडिलांनी कोंबड्या देऊन एक मोडकी सायकल घरी आणली, असं सांगतात, आणि त्यावर ती शिकली. रविवार आला की घरच्यांना चर्चमध्ये प्रार्थनेला जाते असं सांगायची आणि शर्यतीला जायची. देवाच्या नावानं घेतलेला तो रविवार तिनं स्वतःसाठी वापरला. १९२४ मध्ये इटलीच्या देशभर फिरणाऱ्या मोठ्या शर्यतीत तिनं नाव नोंदवलं. ती पुरुषांची शर्यत. एकंदर ३,६०० किलोमीटरच्या वर अंतर, १२ टप्पे. नाव छापताना शेवटचं अक्षर गळालं आणि ती पुरुष असावी असा बऱ्याच जणांचा समज झाला. पाऊस, वारा, कच्चे रस्ते. एका टप्प्यात पडून तिचं हँडल मोडलं, तेव्हा तिथं केरसुणीचा दांडा बसवून ती पुढे निघाली. त्या दिवशी ठरलेल्या वेळेनंतर पोचल्यामुळे तिला क्रमवारीतून काढलं, पण पुढे चालवायला परवानगी दिली. सुरुवातीला ९० स्वार होते. शेवटी मिलान शहरात पोचलेले त्यांच्या एक तृतीयांश. अल्फोन्सिना त्यांच्यासोबत पोचली. केरसुणीच्या दांड्याला एवढा मान इतिहासात क्वचितच मिळाला असेल.

तरीही दार उघडायला फार वेळ लागला. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची सायकल १८९६ पासून आहे. बायकांना तिथं पहिल्यांदा १९८४ मध्ये उतरता आलं. चिखलातल्या शर्यतीची जागतिक स्पर्धा पुरुषांसाठी १९५० मध्ये पॅरिसला सुरू झाली. बायकांची जागतिक स्पर्धा सुरू झाली २००० साली, नेदरलँड्समध्ये, आणि ती जर्मनीच्या हांका कुप्फरनागेलनं जिंकली. मधे ५० वर्षं. एवढी वर्षं बायका कुठं होत्या? त्यातल्या बऱ्याच जणी मैदानाच्या कडेला, बादली आणि ब्रश घेऊन.

महाराष्ट्रात अजून सायक्लोक्रॉस हे नाव फारसं पोचलेलं नाही. सायकलची शर्यत मात्र आपल्याला जुनी आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत आपल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे. बोरघाटाचा चढ जो सगळ्यांच्या आधी चढेल त्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे. पदवीचं नावच पुरुषाचं. पुण्याला तर सायकलींचं शहर म्हणत. आपल्या भागात पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, बजाज आणि टेल्को आली, तेव्हा आसपासच्या गावांतले पुरुष कॅरियरला डबा अडकवून सायकलवर पाळीला निघाले. पुढे चाकणला कारखाने आले आणि २००९-१० च्या सुमारास आपल्या निघोजे-महाळुंगे परिसरात मोटारींचे मोठे कारखाने सुरू झाले. सायकल जाऊन मोटारसायकल आली.

या सगळ्यात बाईची जागा कुठं होती? कॅरियरवर. तीही दोन्ही पाय एका बाजूला सोडून. सायकल घरात होती, पण ती बापाची, नवऱ्याची, दिराची. आमच्यातल्या काही जणी लहानपणी दुकानातून तासाच्या भाड्यानं सायकल घेऊन, नळीखालून पाय घालून अर्धं पायंडल मारायला शिकल्या. शहाणी झाली की ती सायकल सुटली. गावच्या यात्रेत किंवा शाळेच्या संमेलनात हळू सायकल चालवायची शर्यत असायची. जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो जिंकला! त्या शर्यतीतही मुलींना क्वचितच उभं केलं जायचं.

असंच सगळीकडे होतं का? नाही. तामिळनाडूत पुदुकोट्टाई नावाचा कोरडवाहू, गरीब जिल्हा आहे. तिथं १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहीम चालू होती. शीला राणी चुंकत तेव्हा जिल्हाधिकारी होत्या. अक्षर शिकायचं तर बाईला घराबाहेर पडता आलं पाहिजे, हे ओळखून त्यांनी सायकल शिकणं या मोहिमेचाच भाग केलं. शेतमजूर, दगडाच्या खाणीत राबणाऱ्या बाया, अंगणवाडी सेविका, नर्सबाई, शाळेतल्या मास्तरीणबाई, सगळ्या शिकल्या. बायका सायकल घेताहेत म्हणून बँकांनी कर्जं दिली. लेडीज सायकली पुरल्या नाहीत, तेव्हा जेंट्स सायकली घेतल्या. बऱ्याच जणींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण मधल्या नळीवर पोराला बसवता येतं. दीड वर्षाच्या आत एक लाखाहून जास्त बायका सायकल शिकल्या. १९९२ च्या महिला दिनी हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत दीड हजारांहून अधिक बायका रस्त्यावर आल्या. पाणी आणायचं, माल बाजाराला न्यायचा, पोराला दवाखान्यात न्यायचं, यासाठी आता एसटीची किंवा घरच्या पुरुषाची वाट पाहायची गरज उरली नाही. एका फेरीत वाचलेला तासभर बाईचा झाला.

तो तासभर महत्त्वाचा आहे, मैत्रिणींनो. लोखंड्यांनी मागितला तो दिवस होता. पुदुकोट्टाईच्या बायकांनी मिळवला तो तास.

आणि आपल्या मुली? त्यांनी काही कमी केलेलं नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, अवघी विशीत असताना, सायकलवर एकटी जगभर फिरली. २९,००० किलोमीटर, १५९ दिवस. संगमनेरची प्रणिता सोमण डोंगरवाटांवरच्या सायकल स्पर्धांत देशपातळीवर चमकली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेनं खेलो इंडिया स्पर्धेत सुवर्णपदकं आणली. पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारलेलं क्रीडासंकुल आहे आणि त्यात सायकलच्या शर्यतीचा गोल मार्गही आहे. म्हणजे वाट आहे. पण तिथवर पोचणारी प्रत्येक मुलगी आधी कुठल्यातरी रविवारी घराबाहेर पडलेली असते आणि त्या दिवशी घरात कुणीतरी तिच्या वाटचं काम केलेलं असतं.

म्हणून आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला. एकीनं विचारलं, आपल्या मुलींसाठी एका रविवारी सायकलची शर्यत घ्यायची का? रस्त्यावर नको, हे सगळ्यांनीच म्हटलं. चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनर आणि ट्रेलरच्या रांगा तुम्ही पाहता. तिथं सायकल घातली तर आईचा जीव टांगणीला. दुसरी म्हणाली, मग शेतात घेऊ. बाजरी निघाल्यावर वावर मोकळं होतं. बांधाच्या कडेनं फेरा आखायचा, ओढ्याजवळचा ओला तुकडा घ्यायचा, दोन फळ्या आडव्या लावायच्या. ट्रेलरची भीती नाही, डांबर लागत नाही, महागडी सायकलही लागत नाही. शाळेला जायची सायकल चालते.

खरी अडचण पुढे निघाली. एक ताई म्हणाल्या, रविवारी पोरगी गेली तर धुणं कोण धुणार? घरी पाहुणे येतात, स्वयंपाक असतो, मोठी पोरगी हाताशी लागते. दुसरीनं सांगितलं, माझे मालक सुट्टीच्या दिवशी झोपून असतात, त्यांना जेवण वेळेवर लागतं. कुणी खोटं बोलत नव्हतं. आठवडाभर कंपनीत नाहीतर दुसऱ्याच्या शेतात राबून आलेल्या बाईला रविवारी दुप्पट काम असतं. सुट्टी घरात येते आणि तिला वगळून बाकी सगळ्यांना मिळते. मग ती स्वतःचं अर्धं ओझं लेकीच्या डोक्यावर देते. तिला दुसरं कोण आहे?

तेव्हा गटातल्या एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "बैलगाड्यासाठी किती वर्षं भांडलात गं?" सगळ्या गप्प झाल्या. कारण हिशेब सोपा होता. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतीवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. त्या सगळ्या वर्षांत गावंच्या गावं उभी राहिली, मोर्चे निघाले, वर्गणी निघाली, मुंबई-दिल्ली झाली. आम्ही त्याविरुद्ध काही म्हणत नाही. यात्रा आपलीच आहे, बैलही घरातल्यासारखेच. पण शर्यत ही गावाची प्रतिष्ठा आहे असं एकदा ठरलं की गाव वेळ काढतं, पैसा काढतं, कोर्टात जातं, हे आपण पाहिलं. मग लेकींच्या शर्यतीसाठी एक सकाळ काढणं एवढं अवघड का व्हावं?

बैठकीत मग तीन गोष्टी ठरल्या. तुमच्या गटातही त्यावर बोला म्हणून सांगतो. पहिली, शर्यत घ्यायची ती सकाळी ८ ते १० एवढीच, आणि त्या दोन तासांचं घरचं काम आदल्या रात्री वाटून घ्यायचं. त्या वाटणीत भाऊ आणि वडील यांचीही नावं घ्यायची. दुसरी, ज्या मुलीकडे सायकल नाही तिच्या आईला गटातून सायकलीपुरतं कर्ज द्यायचं, जसं शिलाई यंत्राला देतो तसं. तिसरी, शर्यतीत पहिली येणाऱ्या मुलीसोबत शेवटच्या मुलीचंही नाव पुकारायचं आणि आयांसाठीही एक फेरा ठेवायचा. ज्यांना येत नाही त्यांनी सायकल हातात धरून चालत जायचं.

आयांच्या फेऱ्यावर खूप हसू झालं. लुगड्यात कशी बसू, पडले तर काय, लोक काय म्हणतील. पण हसता हसता चार हात वर झाले. सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून चालायचं, फळी ओलांडायची, पुन्हा बसायचं, यात आपल्याला शिकवण्यासारखं फार नाही. गवताचा भारा, पाण्याची कळशी आणि कडेवरचं पोर घेऊन आपण बांध ओलांडतच आलो आहोत. फक्त त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एक प्रश्न विचारून बघा. गेल्या सुट्टीच्या दिवशी तुमच्या घरात कोण किती वेळ बसलं? बोटांवर मोजा. आपलं नाव कितव्या बोटावर येतं, ते एकमेकींना सांगा. मग वावर कुणाचं मोकळं आहे, ते विचारा.

नमस्कार.